पहिलं रहस्य मामींचं

मामी, तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले, आणि गेले आठ दिवस आपल्या घरात जपमाळ चारच रहस्यांची होत होती. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं. पाच रहस्यं, प्रत्येकाला दहा 'नमो मारिया', हे तुम्ही मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवायला बसला होतात, जसा काही मी तळोद्याहून बाप्तिस्मा न घेताच आलो होतो. मी मान डोलावत ऐकून घेतलं. नवा जावई होतो, सासूला मामी आणि सासऱ्यांना मामा म्हणायला नुकता लागलेला. तेव्हा ऐकून घेतलं ते घेतलंच, पुढची सोळा वर्षं मग ऐकतच बसलो.

तुमच्या घरचा कायदा असा की प्रत्येक रहस्याला मालक हवा. पहिलं तुमचं, दुसरं माझं, तिसरं तुमच्या लेकीचं, स्टेलाचं, चौथं आमच्या रोझलिनचं. पाचवं पूर्वी मामांचं होतं. मालकानं सुरुवातीला हेतू सांगायचा, म्हणजे हे दहा 'नमो मारिया' कोणासाठी ते मोठ्यानं बोलायचं. जपमाळ पुस्तकी मराठीत आणि हेतू आपल्या अहिराणीत. देवाला दोन्ही कळतं, पण भांडण अहिराणीत जास्त चांगलं कळतं, असं माझं मत झालं आहे.

कारण आपण भांडलो ते तिथेच. समोरासमोर तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत. जावयाला बोलायचं नाही, हे तुम्ही पक्कं ठरवलेलं. पण संध्याकाळी सात वाजता मेणबत्ती लागली, मारियामातेच्या तसबिरीपुढे सगळे बसले, की पहिल्या रहस्याला तुमचा आवाज यायचा, "ज्या घरमा जवाई चहा पीसन कप तठेच सोडी देस, त्या घरमा शांती ऱ्हावो." स्टेला पदर तोंडाला लावायची. मी दहा वेळा निमूट 'नमो मारिया' म्हणायचो आणि दुसऱ्या रहस्याला, माझ्या हक्काच्या जागी, उत्तर द्यायचो, "दुसरास्ना कप मोजनारास्ले देव दुसरं काम देवो." तुम्ही डोळे मिटूनच असायचात. पण पुढच्या 'हे देवमाते पवित्र मारिये'ला तुमचा आवाज जरा चढायचा, म्हणजे बाण लागला.

रोझलिन याच शाळेत शिकली. सहावीत होती तेव्हा तिनं चौथ्या रहस्याला सांगितलं, "गणितना बाईले बरं वाटो, पन चाचणी व्हई जावावर." मी रागावणार होतो. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत आणि म्हणालात, हेतू तिचा आहे, तुमचा नाही. नंतर स्वयंपाकघरात एकट्याच हसत होतात, ते मी पाहिलं आहे.

आणि ताराबाई. शेजारच्या पपईच्या शेतातल्या ताराबाई, ज्यांच्या घरात देवघर केवढं मोठं, त्या एका संध्याकाळी विरजण मागायला आल्या होत्या. जपमाळ चालू असताना उठायचं नाही हा तुमचा दुसरा कायदा, म्हणून तुम्ही फक्त बोटानं 'बसा' म्हणालात. त्या उंबऱ्यावर बसल्या. मामांना जाऊन तेव्हा महिना झाला होता आणि पाचवं रहस्य आलं की सगळे घुटमळायचे. त्या दिवशीही तसंच झालं. तुम्ही डोळे उघडून उंबऱ्याकडे पाहिलंत.

"तू सांग, तारा."

"माले तुम्हनं काही येत नही, बहीन."

"तुले तुन्हं येस ना? तेच सांग."

ताराबाईंनी थोडा विचार केला, हात जोडले आणि म्हणाल्या, "मारियामाय, पपईस्ले वारा नको लागू देजो." तेव्हापासून बारा वर्षं पाचवं रहस्य ताराबाईंचं आहे. त्यांना अजून पूर्ण 'नमो मारिया' येत नाही. आमेन मात्र त्या सगळ्यांच्या आधी म्हणतात. विरजण त्या दिवशी राहूनच गेलं.

तुमच्या माळेनं काय काय कामं केली याची मला आता आठवण येते आणि एकटाच हसतो. घड्याळ घरात होतं, पण अंडं उकडायचं ते एका रहस्यात आणि तुरीची डाळ दोन रहस्यांत. कुकरच्या शिट्ट्यांवर तुमचा विश्वास नव्हता. एकदा ओट्यावर साप निघाला, स्टेला किंचाळली, मी काठी शोधायला उठणार तर तुम्ही मला नजरेनं खाली बसवलंत. सापही बहुधा तुमच्याकडे बघून थांबला. दहा पूर्ण झाल्यावर तुम्ही म्हणालात, "गया तो. आते दुसरं." खरंच गेला होता.

तोरणमाळजवळच्या तुमच्या माहेरी जाताना जीपमध्ये तुम्ही पुढे बसायचात. घाटाच्या प्रत्येक वळणाला एक 'नमो मारिया'. तो जीपवाला आपल्या डोंगरातल्या देवांचा माणूस, चर्चची पायरी कधी चढलेला नाही. पण गाडी सुरू करण्याआधी मागे वळून मला विचारायचा, "मायनी माळ काढी का?" तुम्ही काढली म्हटल्यावरच किल्ली फिरवायचा. तुमच्या डोंगरातली बोली तुम्ही इथे लोणखेड्यात फक्त कोंबड्यांशी बोलायचात. आता कोंबड्या आमच्याकडे बघतात आणि आम्ही त्यांच्याकडे.

हे सगळं मी गमतीत सांगतो आहे, कारण जे खरं सांगायचं आहे ते सांगायला मला वेळ लागतो. तुम्हाला माहीत आहे.

अंतोन. माझा मोठा भाऊ. आईबाप लवकर गेले, मला त्यानं वाढवलं, शिकवलं, लोणखेड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा माझ्याआधी तोच रडला. आणि लग्नाच्या मांडवात, मी तुमच्याकडे राहायला जाणार हे कळल्यावर, चार माणसांत तोच म्हणाला, "मी वाढाडं ते काय दुसराना घरमा बांधाले?" तुमचं एकुलतं एक लेकरू स्टेला, मामांची नजर गेलेली, कॉलेज घरापासून पाच मिनिटांवर. हे सगळं मी त्याला समजावून सांगू शकलो असतो. मी त्याऐवजी तिथेच म्हणालो, "मग आजपासून तू मन्हा कोणी नही." तो बोलला त्यापेक्षा मी जास्त बोललो. त्यानंतर सोळा वर्षं आम्ही दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला नाही.

आणि तुम्ही सोळा वर्षं, रोज, पहिल्या रहस्याला त्याच्यासाठी माळ ओढलीत. "मन्हा जवाईना भाऊ अंतोनसाठे." कपाचं, चपलांचं, माझ्या घोरण्याचं जे काही यायचं ते त्यानंतर. पहिली पाच वर्षं मी दात आवळून ऐकलं. मग एकदा तुम्हाला सांगितलं, मामी, त्याचं नाव घेऊ नका. तुम्ही लगेच कबूल झालात. दुसऱ्या दिवशी सात वाजता हेतू आला, "ज्यानं नाव लेवाले माले मना करेल शे, त्यानासाठे." ताराबाईंनी अर्थातच आमेन म्हटलं. आमेन म्हणायची ती जागाही नव्हती.

मला राग कशाचा यायचा ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. भावाचं नाव घेता म्हणून नाही. त्या नावामागे तुम्ही स्वतःला दोषी धरायचात म्हणून. हा जावई आपण आपल्या घरात ठेवून घेतला, म्हणून दोन भाऊ तुटले, हे तुमच्या मनात कुठेतरी रुतून बसलं होतं. मला ते ऐकवत नव्हतं. बाजारात कोणी 'घरजवाई' म्हणून मला चिमटा काढला की तुम्ही भाजीची पिशवी खाली ठेवून सांगायचात, "हाऊ मन्हा पोऱ्या शे." अशा बाईनं माझ्यामुळे रोज संध्याकाळी देवापुढे गुन्हेगारासारखं बसावं, हे मला सहन होत नव्हतं. साधी गोष्ट होती, तुम्हाला सांगायची: मामी, तुमची काही चूक नाही, आणि मी इथे सुखात आहे. सोळा वर्षांत मला एकदाही सांगता आली नाही. त्याऐवजी मी चिडत राहिलो. चिडणं मला चांगलं येतं.

यंदा ऑक्टोबर लागला. जपमाळेचा महिना, म्हणून पहिल्याच दिवशी तुम्ही नवी मेणबत्ती लावलीत, तसबिरीला झेंडूचा हार घातलात आणि हेतू सांगितलात, "मन्हामुळे तुटेल दोन भाऊ एक व्होत." मी उठलो. जपमाळ चालू असताना, सापाला जे जमलं नाही ते मी केलं. म्हणालो, "मामी, तुमना रहस्यमा मन्हं घर आनू नका," आणि बाहेर गेलो. घर तुमचंच होतं, हे बाहेर कडुलिंबाखाली स्टूल टाकून बसल्यावर ध्यानात आलं. पण आता उठलो होतो, परत कसा जाणार?

मग ते रोजचंच झालं. पहिलं रहस्य संपेपर्यंत मी बाहेर, दुसऱ्याला आत. आत येऊन माझा हेतू सांगायचो, कॉलेजच्या परीक्षेसाठी नाहीतर पावसासाठी, असा सरकारी. बाहेर बसून मी मात्र कान टवकारलेले. आणि तुमचा तो आवाज, जो पपईच्या शेतापलीकडे जायचा, तो अचानक बारीक झाला होता. पहिल्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली मुंग्या फार झाल्या म्हणून मी स्टूल नळाजवळ नेलं. चार दिवसांनी नळाजवळ चिखल झाला म्हणून धुण्याच्या दगडापाशी. मग मोबाईलला रेंज मिळत नाही म्हणून पायरीवर. तरी ऐकू येईना. तुम्ही नक्की कोणासाठी प्रार्थना करत होतात? अंतोनचं नाव घेत होतात की माझं? की दोघांनाही टाकून दिलंत? शेवटच्या संध्याकाळी मी ओट्यावर दाराच्या चौकटीला टेकून बसलो होतो, सायकलची चेन हातात घेऊन. सायकल कडुलिंबालाच होती. चेन कशाला काढून आणली, हे कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन तुम्ही ओट्यावर बसलात, कोंबड्यांना दाणे टाकलेत, आणि स्टेला कप उचलायला आली तेव्हा तुम्ही गेला होतात. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. कप तुम्ही तिथेच सोडला होतात, मामी. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

तुमच्या बोटांमध्ये स्टेलानं तुमची लाकडी माळ गुंडाळली. फादरांनी प्रार्थना म्हटली, आम्ही एकेकानं मूठमूठ माती टाकली, आणि मातीसाठी वाकलेल्यांमध्ये मला अंतोन दिसला. स्टेलानं मला न विचारता त्याला फोन केला होता. केस पांढरे झाले आहेत त्याचे. त्यानं माती टाकली, क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. मान वर केली तेव्हा तो दफनभूमीच्या फाटकाबाहेर पडत होता. आवाज दिला असता तर ऐकू गेला असता, एवढ्याच अंतरावर. मी दिला नाही.

त्या संध्याकाळपासून पहिलं रहस्य रिकामं. मेणबत्ती लागायची, तुमचा पाट दाराजवळ तसाच, आम्ही चौघं गप्प बसायचो. तुम्हाला दहा 'नमो मारिया'ला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ जाऊ द्यायचो आणि मी दुसऱ्यापासून सुरू करायचो. मला मनात एकच लागून राहिलं होतं. त्या तीन आठवड्यांत मामी काय म्हणत होत्या? शेवटी लाज सोडून विचारलं. स्टेला मला म्हणाली, "तुमच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी." हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. रोझलिन म्हणाली, मला आठवत नाही, आणि पळाली. आज दुपारी ताराबाई पपई द्यायला आल्या, त्यांना धरलं.

ताराबाईंनी पपई खाली ठेवली, ओट्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

"काहीच नही म्हने ती."

"म्हनजे?"

"नुसता व्होट हलावे. आवाज नही काही नही. आम्हले सांगेल व्हतं, कोणी हसू नका. म्हने, मोठा आवाजमा बोलसू ते तो आनखी दूर जाई, हळू बोलसू ते जवळ येई. रोज माळ व्हई गयी का माले सांगे, तारा, आज नळपर्यंत उना. आज दगडपर्यंत. त्या दिन ओट्यावर तुम्ही चेन लीसन बठेल व्हतात ना? त्या दिन म्हने, आते सकाय मझार येई."

सकाय म्हणजे उद्या, मझार म्हणजे आत. हे मी स्वतःलाच समजावून सांगितल्यासारखं दोनदा मनात म्हटलं. उद्या आत येईल.

मामी, मी खाली ठेवलेली पपई उचलून हातात घेतली. मग मलाही हसू आलं, आणि मग रडू आलं, आणि ताराबाई म्हणाल्या, पपई पिकेल शे, आजच कापा. सोळा वर्षं मी समजत होतो की आपलं भांडण मी बरोबरीनं लढतो आहे. तुम्ही कोंबडीला खुराड्यात घ्यावं तसं मला दाणे टाकत टाकत आत घेत होतात. आणि हा जावईही केवढा शहाणा, स्टूल घेऊन स्वतःच सरकतोय. मला राग आला नाही. इतकं मन लावून मला कोणी आत बोलावलं नव्हतं.

तेव्हा आजचं सांगतो. सात वाजता स्टेलानं मेणबत्ती लावली. सोमवार होता, म्हणजे आनंदाची रहस्यं, तुमच्या आवडीची. मी माझ्या जागी बसलो नाही. तुमच्या पाटावर बसलो. गुडघा कुरकुरला, स्टेला माझ्याकडे बघत राहिली, रोझलिननं फोन उलटा ठेवला. ताराबाई उंबऱ्यावर होत्या. जे नाव आता घ्यायचं होतं ते सोळा वर्षं घेतलं नव्हतं.

"पहिलं रहस्य," मी म्हणालो. "मन्हा भाऊ अंतोनसाठे. रविवारले मिस्सा व्हवावर मी तळोदाले त्याना घर जासू, तो दार उघाडो." ताराबाई आमेन म्हणायला निघाल्या, मी हात वर करून त्यांना थांबवलं, तुम्ही मला थांबवायचात तसं. अजून संपलं नव्हतं. "आनि मामीसाठे. त्यास्नी काही चूक नव्हती. त्यास्ना घरमा मी सुखमा ऱ्हायनू."

मग दहाही 'नमो मारिया' म्हटले. मोठ्यानं म्हटले, मामी. ओट्याच्या पुढे, धुण्याच्या दगडाच्या पुढे, नळाच्या पुढे, कडुलिंबापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. आता बाहेर बसून ऐकायची पाळी तुमची आहे, आणि तुम्ही किती लांब बसला आहात ते मला माहीत नाही.